पटकथा फुटली म्हणे! ‘द फँटम मेनेस’च्या अफवा आणि माझा फसलेला तक्ता

मागच्या आठवड्यात लायब्ररीबाहेर चहा घेताना एका ज्युनिअरनं विचारलं, “ताई, तुझा विषय नेमका काय आहे गं?” ती सध्या पेटच्या तयारीला लागलीय, त्यामुळे भेटेल त्याला हाच प्रश्न विचारते. मी म्हटलं, “एक सिनेमा येणार, येणार म्हणून लोक वर्षानुवर्षं वाट बघत होते. त्या काळात त्याच्याबद्दल ज्या अफवा उठल्या, त्यांचा अभ्यास.” ती क्षणभर थांबली आणि हळूच म्हणाली, “म्हणजे गॉसिप?”

हो, गॉसिपच. हाच प्रश्न मला प्रवेशाच्या मुलाखतीतही विचारला होता, फक्त जरा सभ्य शब्दांत: “यात इतिहास कुठे आहे?” तेव्हा मला धड उत्तर देता आलं नव्हतं. ते आज इथे देते. सोबत माझी एक मोठी चूकही सांगते, कारण तिच्यात माझे सहा महिने गेले आणि तुमचे जाऊ नयेत.

प्रकरण काय आहे

जॉर्ज लुकसचा ‘स्टार वॉर्स’ अमेरिकेत २५ मे १९७७ रोजी आला. पुढे १९८० मध्ये ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ आणि २५ मे १९८३ रोजी ‘रिटर्न ऑफ द जेडाय’. तिथे कथा संपली. त्यानंतरचा नवा सिनेमा, म्हणजे ‘एपिसोड १: द फँटम मेनेस’, लागला १९ मे १९९९ रोजी. मधली वर्षं सोळा, सहा दिवस कमी. नव्या सिनेमाची गोष्ट मात्र जुन्याच्या पुढची नव्हती, आधीची होती. याला प्रीक्वेल म्हणतात.

प्रीक्वेलची वाट बघणं ही एक विचित्र गोष्ट आहे. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. अनाकिन नावाचा मुलगा पुढे डार्थ व्हेडर होणार, प्रजासत्ताक कोसळून साम्राज्य येणार, हे १९८३ मध्येच माहीत झालं होतं. प्रश्न उरला होता तो ‘कसं?’ एवढाच. आणि ‘कसं’ या जागेत माणसं काय वाट्टेल ते भरू शकतात.

त्यांनी ते भरलंही. पटकथा फुटली, शीर्षक फुटलं, सेटवरचे फोटो बाहेर आले, अमुक नट तमुक भूमिकेत आहे अशा बातम्या झाल्या. आपल्याकडे परीक्षेच्या आदल्या रात्री पेपर फुटल्याची आवई उठते तेव्हा काय होतं ते आठवा. ज्याचा विश्वास नाही तोसुद्धा ती प्रश्नपत्रिका एकदा बघून घेतोच. इथेही तसंच होतं. फरक एवढाच की ही आदली रात्र अनेक वर्षं चालली.

रिकामी जागा तयार कशी झाली

पहिला मुद्दा साधनांचा. आज कुणाही चाहत्याला विचारा, १९७७च्या सिनेमाचं नाव काय? तो सांगेल, ‘एपिसोड ४: अ न्यू होप’. पण १९७७ मध्ये पडद्यावर असं काही नव्हतं. सुरुवातीला वर सरकत जाणाऱ्या मजकुरात ना क्रमांक होता ना हे उपशीर्षक. १९८० मध्ये दुसऱ्या सिनेमावर ‘एपिसोड ५’ असं झळकलं, आणि पहिल्यावर ‘४’ हा आकडा १९८१च्या पुनर्प्रदर्शनात चढला.

ही बारीकशी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दुसऱ्याच सिनेमावर पाचचा आकडा दिसला, म्हणजे तीन भाग कुठेतरी ‘आहेत’ आणि आपण ते पाहिलेले नाहीत, असा अर्थ प्रेक्षकांनी काढला. लुकसनं मुलाखतींत एकूण किती भाग होणार याचे आकडे बदलत ठेवले. कधी नऊ, कधी बारा. वाट बघायला सुरुवात झाली ती या आकड्यापासून. तोवर पटकथाच नव्हती, तर ती फुटणार कुठून? लुकस पहिल्या भागाच्या लेखनाला बसला १९९४च्या नोव्हेंबरात.

आता आठवणींवर आधारलेल्या मुलाखती घेतल्या तर काय होईल? लोक मनापासून सांगतील की आम्हाला ७७ पासूनच माहीत होतं, हा चौथा भाग आहे म्हणून. ते खोटं बोलत नसतात. नंतर कळलेली गोष्ट आठवणीत मागे सरकून बसलेली असते. म्हणून मौखिक इतिहास करणार असाल तर तारखा असलेलं छापील साधन शेजारी ठेवूनच बसा.

गुप्ततेनं लावलेली सवय

दुसरा मुद्दा विश्वासाचा. लोक अफवांवर इतका विश्वास का ठेवत होते? ‘चाहते भोळे असतात’ हे उत्तर सोपं आहे, पण या प्रकरणात ते टिकत नाही. चाहत्यांना अनुभवानं शिकवलं होतं की अधिकृत माहिती फसवी असू शकते.

‘एम्पायर’मधला तो पितृत्वाचा उलगडा घ्या. चित्रीकरणाच्या प्रतीत मुद्दाम वेगळंच वाक्य होतं. त्यात ल्यूकच्या वडिलांना ओबी-वाननं मारलं, असं व्हेडर सांगतो. व्हेडरच्या पोशाखातला डेव्हिड प्राउझ तेच वाक्य म्हणाला. खरं काय ते ल्यूकचं काम करणाऱ्या मार्क हॅमिलला दृश्य घेण्याच्या थोडंच आधी सांगितलं गेलं. खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात चढवलं. म्हणजे सेटवरचा कागद अस्सल होता, पण त्यातला मजकूर खोटा!

तिसऱ्या सिनेमाच्या वेळी तर अमेरिकेतलं बाहेरचं चित्रीकरण ‘ब्लू हार्वेस्ट’ नावाच्या भयपटाचं आहे असं भासवलं गेलं. त्या नावाचे टी-शर्ट आणि टोप्यासुद्धा बनवल्या होत्या. आणि त्याच सिनेमाचं जाहीर झालेलं शीर्षक आधी ‘रिव्हेंज ऑफ द जेडाय’ होतं. पोस्टर छापून झाल्यावर ते बदलून ‘रिटर्न’ झालं.

म्हणजे १९८३ पर्यंत चाहत्यांच्या गाठीशी तीन धडे जमा होते. मूळ संहिताही बनावट असू शकते. कंपनीनं सांगितलेलं नावही बनावट असू शकतं. अधिकृत पोस्टरवर छापलेलं शीर्षकही उद्या बदलू शकतं. अशा माणसासमोर ‘फुटलेली पटकथा’ आली आणि कंपनीनं ‘ही आमची नाही’ असं सांगितलं, तर त्यानं काय समजायचं? नकार हाही डाव असू शकतो, आणि फुटलेली पानं हासुद्धा डाव असू शकतो. गुप्तता राखण्याच्या नादात खरं-खोटं तपासायची फूटपट्टीच मोडून गेली होती.

माझा तक्ता

आता माझी चूक. पहिल्या वर्षी मी एक भला मोठा तक्ता बनवला. डावीकडे अफवा, मग ती कुठे आणि कधी सापडली, आणि शेवटच्या रकान्यात ‘खरी’ किंवा ‘खोटी’. सहा महिने मी इमानेइतबारे तो भरत होते. मार्गदर्शक मॅडमना दाखवला तर त्यांनी शांतपणे पानं उलटली आणि विचारलं, “बरं, मग?” मी म्हटलं, “मॅडम, यातल्या किती टक्के खऱ्या निघाल्या ते काढता येईल.” त्या म्हणाल्या, “ते कळून तुला १९९८ मधल्या माणसाबद्दल काय कळेल?”

त्या रात्री मी तक्ता पुन्हा उघडला, आणि ज्या नोंदींपाशी मी स्वतःच अडखळले होते त्या बाजूला काढल्या. त्यातल्या चार सांगते.

पहिली: ‘ओबी-वान आणि अनाकिनचं द्वंद्व धगधगत्या लाव्ह्याजवळ होणार.’ ही अफवा हवेतून आलेली नव्हती. जेम्स कान यांच्या १९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या कादंबरीरूपातच अनाकिन वितळलेल्या रसात पडल्याचा उल्लेख आहे. १९९९च्या सिनेमात असं काही नाही, म्हणून मी ‘खोटी’ लिहिलं होतं. पण २००५ मध्ये तिसऱ्या प्रीक्वेलमध्ये ते द्वंद्व तसंच आलं. मग ही नोंद खरी की खोटी?

दुसरी: शीर्षक ‘बॅलन्स ऑफ द फोर्स’ असणार. ही अफवा बरीच फिरली. शीर्षक वेगळं निघालं, म्हणून ‘खोटी’. पण शक्तीचा समतोल साधणाऱ्याबद्दलचं भाकीत सिनेमाच्या कथेच्या मधोमध बसलेलं आहे.

तिसरी: ‘फॉल ऑफ द रिपब्लिक’ नावाची पटकथा. ती एका चाहत्यानं स्वतः हौसेनं लिहिली होती, आणि लुकसचा मूळ मसुदा म्हणून ती हातोहात फिरली. कागद म्हणून शंभर टक्के बनावट. पण प्रजासत्ताक कोसळण्याची गोष्ट तीन प्रीक्वेलनी मिळून सांगितलीच की!

चौथी मला सगळ्यात आवडते. १९९८च्या सप्टेंबरात कंपनीनं खरं शीर्षक जाहीर केलं: ‘द फँटम मेनेस’. अनेक चाहत्यांचा त्यावर विश्वासच बसेना. हे काय नाव झालं? जुन्या मालिकांसारखं! हीसुद्धा ‘ब्लू हार्वेस्ट’सारखी हूल असणार, असं म्हणणारे निघाले. इथे अधिकृत आणि खरी माहितीच अफवा ठरत होती.

या चार नोंदींनी माझा शेवटचा रकाना निकामी केला. मग मी तो पुसला आणि तिथे नवा प्रश्न लिहिला: ‘ही गोष्ट पटायला माणसाच्या मनात आधी काय असावं लागेल?’ गंमत म्हणजे तक्ता तोच राहिला, पण आता तो बोलायला लागला.

बखर, भूकंप आणि चाहते

हा विचार माझा नाही, हे आधीच कबूल करते. इतिहासाच्या आपल्या विद्यार्थ्यांना तो परका वाटू नये. राजवाड्यांनी बखरींवर कडक टीका केली आणि अस्सल कागदपत्रांचा आग्रह धरला. तो आग्रह गरजेचाच होता. पण पुढच्या अभ्यासकांनी त्याच बखरींना वेगळा प्रश्न विचारला. घटना कशी घडली हे बखर धड सांगत नसेल. पण लिहिणाऱ्याच्या काळाला आपला भूतकाळ कसा हवा होता, हे तर सांगते ना? प्राची देशपांडे यांचं ‘क्रिएटिव्ह पास्ट्स’ या वाटेवरचं महत्त्वाचं पुस्तक आहे. शाहिद अमीन यांनी १९२१च्या गोरखपूर भागातल्या गांधीजींबद्दलच्या अफवा अशाच वाचल्या. चमत्कार झाले का, हा त्यांचा प्रश्न नव्हता. शेतकऱ्यांनी आपल्या मनात कोणता ‘महात्मा’ घडवला, हा होता.

अफवांच्या मानसशास्त्रात गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांचं १९४७चं पुस्तक नेहमी सांगितलं जातं. त्यांचं सूत्र थोडक्यात असं: विषय माणसाला जितका महत्त्वाचा आणि त्याबद्दलची माहिती जितकी धूसर, तितकी अफवा जोरात. हा गुणाकार आहे, बेरीज नाही. दोन्हीपैकी एक शून्य असेल तर अफवा उठत नाही. ‘फँटम मेनेस’ला हे चपखल बसतं. महत्त्व सोळा वर्षं वाढत गेलं आणि धूसरता कंपनीनं स्वतः पुरवली.

पण हे सूत्र एक गोष्ट सांगत नाही. अफवा जोरात असेल हे कळतं; ती *काय* म्हणेल हे कळत नाही. तिथे मला मदत झाली ती बिहारच्या भूकंपाची. १५ जानेवारी १९३४च्या त्या भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. त्यात असं दिसलं की ज्या भागात धक्का जाणवला पण फारसं नुकसान झालं नाही, तिथेही आणखी मोठं संकट येणार असल्याच्या अफवा पसरत होत्या. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं, ती माणसं स्वतःला आणखी का घाबरवत होती? लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला या कोड्यानं विचारात पाडलं. त्याचं उत्तर असं की भीती मनात आधीच होती, पण तिला शोभेल असं कारण आजूबाजूला दिसत नव्हतं. अफवांनी ते कारण पुरवलं. पुढे १९५७ मध्ये मांडलेल्या त्याच्या प्रसिद्ध सिद्धांताच्या मुळाशी हे निरीक्षण आहे.

आता भीतीच्या जागी आशा ठेवून बघा. सोळा वर्षं साठवलेली प्रचंड आशा आहे, पण ती एवढी प्रचंड का असावी याला पुरावा हातात नाही. मग आशेला शोभेल अशी पटकथा ‘फुटते’. भूकंपातल्या जीवघेण्या भीतीची आणि सिनेमाच्या उत्सुकतेची बरोबरी मी करत नाहीये. पणाला लागलेल्या गोष्टी फार वेगळ्या आहेत. पण भावना आधी आणि तिचं कारण मागून, हा क्रम दोन्हीकडे सारखा दिसतो.

काखेत कळसा

माझ्या या म्हणण्याला सगळ्यात मोठा आधार मिळाला तो उलट्या बाजूनं. अफवांमध्ये काय होतं हे बघून झाल्यावर मी शोधलं, की खरी माहिती कुठे होती? ती उघड्यावर पडली होती.

‘स्टार वॉर्स’ची कादंबरी सिनेमाच्या आधी, १९७६च्या नोव्हेंबरातच बाजारात आली. तिच्यावर नाव लुकसचं असलं तरी लिहिली होती अ‍ॅलन डीन फॉस्टर यांनी. तिच्या प्रास्ताविकात सिनेटर पॅल्पटिन नावाचा महत्त्वाकांक्षी माणूस निवडून येऊन प्रजासत्ताकाचा अध्यक्ष होतो आणि पुढे स्वतःला सम्राट घोषित करतो, हे सरळ लिहिलंय. ‘फँटम मेनेस’च्या राजकारणाचा गाभा हाच. म्हणजे फुटलेली पटकथा शोधत लोक हिंडत होते आणि तिचा सांगाडा तेवीस वर्षांपूर्वी छापून झालेला होता. पण निवडणूक, सिनेट, बहुमत यांची वाट कोण बघणार? वाट बघायची ती द्वंद्वयुद्धांची, क्लोन युद्धांची, व्हेडरची.

दुसरं उदाहरण तर हसू आणणारं आहे. जॉन विल्यम्स यांच्या संगीताची सीडी ४ मे १९९९ रोजी, सिनेमाच्या पंधरा दिवस आधी विक्रीला आली. तिच्या मागच्या बाजूला गाण्यांसारखी तुकड्यांची यादी होती. त्यातल्या एकाच्या नावात क्वाय-गॉनचा शेवट होता आणि दुसऱ्याच्या नावात त्याचे अंत्यसंस्कार! सिनेमातला सगळ्यात मोठा मृत्यू कंपनीनं स्वतः छापून दुकानात लावला होता. टेरी ब्रुक्स यांचं कादंबरीरूप तर त्याहीआधी, एप्रिलमध्ये आलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

यावरून मी असं मांडते: चाहत्यांना माहिती हवी होती हे अर्धंच खरं आहे. नुसती माहितीच हवी असती तर ती मेमध्ये दुकानात मिळत होती. त्यांना मुख्यतः हवी होती ती एकत्र बसून रचण्याची संधी. फुटलेली पटकथा हे त्या रचनेचं निमित्त होतं. ती ‘फुटलेली’ असण्यातच तिची किंमत होती, कारण दुकानातल्या वस्तूवर चर्चा करता येते, पण तिच्यात भर घालता येत नाही.

आकड्यांपासून सावध

१९९८च्या नोव्हेंबरात पहिला ट्रेलर आला. दुसराच एखादा सिनेमा लागलेल्या थिएटरात पूर्ण तिकीट काढून जायचं, ट्रेलर बघायचा आणि मुख्य सिनेमाआधी उठून यायचं, असं करणाऱ्यांच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. १९९९च्या एप्रिलपासून हॉलिवुडच्या चायनीज थिएटरबाहेर रांग लागली. सिनेमाला तेव्हा सहा आठवडे होते.

या काळाबद्दल लिहिताना एक आकडा हटकून येतो. एका रोजगार सल्लागार कंपनीनं अंदाज वर्तवला होता की प्रदर्शनाच्या दिवशी अमेरिकेत २२ लाख लोक कामाला दांडी मारतील आणि २९.३ कोटी डॉलरचं उत्पादन बुडेल. हा अंदाज आहे, आणि तोही आधीचा. पण पुढच्या लेखनात तो हळूहळू ‘२२ लाख लोकांनी दांडी मारली’ असा होतो. भविष्यकाळाचा भूतकाळ कधी झाला हे कुणाच्या लक्षातही येत नाही. अफवांवर लिहिणारे अभ्यासकच अशी एक अफवा पुढे नेतात! तुमच्या विषयातही असा एक आकडा नक्की असेल. तो पहिल्यांदा कुठे आला, आणि तेव्हा वाक्याचा काळ कोणता होता, हे शोधून काढा.

मग बिल कोणी भरलं?

सिनेमानं पहिल्या दिवशी अमेरिकेत २.८५ कोटी डॉलर कमावले, त्या वर्षी जगभरात सुमारे ९२ कोटी. धंद्याच्या भाषेत प्रचंड यश. पण आठवणीत तो ‘निराशा’ म्हणून राहिला. सुरुवातीच्याच मजकुरात व्यापारी मार्गांवरच्या करांचा वाद, नायक नऊ वर्षांचा मुलगा, आणि विनोदासाठी जार जार बिंक्स. मनातला सिनेमा सोळा वर्षं तयार होत होता. त्याच्याशी पडद्यावरचा सिनेमा स्पर्धा करूच शकत नव्हता.

“यात इतिहास कुठे आहे?” या प्रश्नाचं माझं खरं उत्तर इथे आहे. त्या निराशेचा राग हवेत विरला नाही. तो माणसांवर पडला. अनाकिनचं काम करणारा जेक लॉइड सिनेमा लागला तेव्हा दहा वर्षांचा होता. शाळेतल्या मुलांनी छळल्याचं त्यानं पुढे जाहीरपणे सांगितलं. अभिनयही त्यानं सोडला. जार जार साकारणाऱ्या अहमद बेस्टनं २०१८ मध्ये जाहीरपणे लिहिलं की त्या काळातल्या टीकेच्या भडिमारानं आपण जीव द्यायच्या टोकाला गेलो होतो. जार जारच्या पात्ररचनेवर वंशभेदाच्या अंगानं गंभीर टीकाही झाली. ती चर्चा वेगळी आणि आवश्यक आहे. पण ज्या सिनेमाची पटकथा त्यांनी लिहिली नव्हती आणि ज्या मनातल्या सिनेमाबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं, त्या दोन्हींमधल्या अंतराची किंमत या दोघांनी मोजली.

अफवांमुळेच हे झालं, असं मी म्हणणार नाही. तसं सिद्ध करणारा पुरावा माझ्याकडे नाही, आणि कारण-परिणामाचा इतका सरळ धागा इतिहासात क्वचितच असतो. पण राग एवढा का होता हे कळायचं असेल, तर लोकांनी काय गमावलं असं त्यांना वाटत होतं ते कळायला हवं. ते १९९९च्या परीक्षणांत सापडत नाही. ते आधीच्या अफवांत सापडतं.

तुमच्या प्रस्तावासाठी चार गोष्टी

एक. साधन खोटं आहे म्हणून टाकू नका. ते कोणाला खरं वाटलं आणि का, हे विचारा. पण अस्सल की बनावट हे आधी ठरवा. ती पायरी गाळून पुढे जाता येत नाही.

दोन. प्रत्येक नोंदीला तारीख लावा, आणि त्या तारखेला माणसाला काय माहीत असणं शक्य होतं तेवढंच गृहीत धरा. २००५चं ज्ञान घेऊन १९९८ मध्ये शिरलात तर सगळे चाहते एक तर द्रष्टे वाटतील, नाही तर मूर्ख.

तीन. आपल्या संग्रहात कोण नाही ते लिहा. नव्वदच्या दशकातल्या युजनेटवरच्या चर्चा बऱ्याच प्रमाणात टिकल्या, कारण डेजा न्यूजनं त्या साठवल्या आणि २००१ मध्ये तो साठा गूगलकडे गेला. जिओसिटीज २००९ मध्ये बंद पडल्यावर असंख्य घरगुती पानं गेली. शिवाय तेव्हा इंटरनेट होतं कोणाकडे? मुख्यतः विद्यापीठांत आणि श्रीमंत देशांत. इयत्ता सहावीतल्या ज्या मुलानं शाळेच्या बसमध्ये लाव्ह्याची गोष्ट मित्राला सांगितली, तो आपल्या संग्रहात नाही.

चार. ज्यांनी त्या चर्चांत लिहिलं, त्यांतले कितीतरी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे असतील. आज ते पन्नाशीकडे झुकलेत. आपलं जुनं वाक्य कुणाच्या प्रबंधात छापलं जाईल असं त्यांच्या स्वप्नातही नसणार. मजकूर खुला असला तरी नावं गाळा, आणि शोधून सापडेल असं वाक्य जसंच्या तसं देऊ नका, आशय सांगा. नैतिकता समितीनं विचारो न विचारो, हे करा.

ज्युनिअरला एवढं सगळं चहाच्या एका कपात सांगता आलं नाही. तिला म्हटलं, लिहिते. तिचा स्वतःचा विषय अजून ठरायचाय. सध्या तिच्या डोक्यात तिच्या गावच्या जत्रेतल्या एका दंतकथेचं काहीतरी घोळतंय, पण “ते खरं नाहीये ना” म्हणून ती बिचकतेय. ताई म्हणून माझं तिला एवढंच सांगणं आहे: शेवटचा रकाना आत्ताच भरू नकोस.

तुमच्याकडेही असा एखादा अडलेला तक्ता असेल तर खाली लिहा. पुढच्या वेळी तारखा नसलेल्या साधनांचा काळ कसा ठरवायचा, त्याबद्दल.